साडेनऊ बोटं

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी अट घातली, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण जरा प्रसन्न असू द्या. सण आहे." मी कुष्ठरोगाचं काम करते. सुरतेत, गोडादरा ते पांडेसरा या पट्ट्यात लुनावरून पत्रकं वाटत आणि लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासत फिरते. गुजराती लोक या रोगाला रक्तपित्त म्हणतात. आमचे खानदेशी लोक नावच घेत नाहीत, नुसतं 'तो रोग' म्हणतात. यात प्रसन्न काय काढणार? म्हणून मी उंदरांबद्दल लिहिते. आणि भीतीबद्दल. आमच्या धंद्यात गोळ्यांपेक्षा भीतीच जास्त हाताळावी लागते, माझी स्वतःची धरून.

हो, माझी धरून. रोज सकाळी आंघोळीआधी मी डोळे मिटते आणि कोंबडीचं पीस पावलांवरून, पोटऱ्यांवरून, कोपरांवरून फिरवते. सगळीकडे गुदगुली झाली की दिवस सुरू. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड द्यायची ताकद असतेच, आणि नव्या औषधाचे डोस सुरू झाले की रोग्यापासून दुसऱ्याला धोका राहत नाही, ही वाक्यं मीच पत्रकात लिहिते. तरी पीस फिरवते. आई माझा कप वेगळा विसळते. तिच्याशी भांडायला गेले की माझ्याच टेबलावरचं पीस मला दिसतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा जंतू माणसाला मारत नाही, त्याचं दुखणं मारतो. कातडीखालच्या नसा खाऊन टाकतो. मग काटा रुतला तरी कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही. बोटं झडतात ती रोगानं आपोआप गळून पडतात असं लोकांना वाटतं. साफ खोटं! बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी. तुम्हाला दुखतं म्हणून तुमची बोटं शाबूत आहेत, एवढं या दिवाळीत लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

आणि हा जंतू महा हट्टी. शंभर वर्षांपूर्वीच शास्त्रज्ञांना तो दिसला, पण काचेच्या बशीत काही केल्या वाढेना. बाकीचे जंतू बशीत वाढवायचे, त्यांच्यावर औषध टाकायचं, मरतात का बघायचं, हा साधा रस्ता. तोच इथे बंद. याला जिवंत अंग लागतं, तेही थंड. म्हणून तर तो कानाच्या पाळ्या, नाक, हात आणि पाय धरतो. शेवटी कुणीतरी तो उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचला आणि तिथे तो वाढला. फार थोडा आणि फार सावकाश, महिन्यांमागून महिने. पण वाढला. मग काही उंदरांना औषध घातलेलं खाणं द्यायचं आणि काहींना साधं, आणि कुणाच्या पायात जंतू वाढले ते बघायचं. कुठलं औषध चालतं, कुठलं निकामी झालंय, हे या पायांनी सांगितलं.

प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला दक्षिणेतल्या अशा एका प्रयोगशाळेत नेलं होतं. पांढरे उंदीर, पिंजऱ्यांच्या रांगा, भुश्शाचा वास. तिथल्या माणसानं एकाला मानगुटीला धरून उलटा केला. तो तळवा मसुराच्या डाळीएवढा, गुलाबी. सुई आत गेली तेव्हा उंदीर ओरडला आणि मी माझा पाय आखडून घेतला. त्या उंदरांना शेवटी मारतात, पाय तपासायला. हे आमच्या कुठल्याच पत्रकात नाही. मी घालायला सांगितलं होतं, वरच्यांनी काढून टाकलं.

दुसरा प्राणी अमेरिकेतला, आर्माडिलो. अंगावर चिलखत, दिसायला आपल्या खवल्या मांजराचा लांबचा भाऊ. त्याचं रक्त आपल्यापेक्षा थंड, म्हणून जंतू त्याच्या अंगभर माजतो, अगदी यकृतातसुद्धा. उंदराच्या पायात चिमूटभर जंतू मिळतात, इथे कोठारंच्या कोठारं. त्यातून लशीचे आणि तपासण्यांचे प्रयोग चालतात. मी तो फक्त चित्रात पाहिला आहे. त्या चित्रानंही आमचा घात केलाच, ते पुढे येईल.

निंबा आमच्याकडे आला तो सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आधीच्या हिवाळ्यात. वय तिशीचं, मूळ धुळ्याकडचा, पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर. वाफाळतं ओलं कापड हातानं ओढायचं काम. मुकादम त्याच्यावर खूश होता, कारण निंबाला चटके बसत नसत. बाकीचे कामगार हात झटकायचे, हा ओढत राहायचा. त्याच्या बोटांवरचे फोड पाहून त्याची बायको बेबाबाई त्याला ओढत आमच्या केंद्रात घेऊन आली. बूट काढायला लावला तर आत एक खिळा वर आलेला, आणि तळव्याला भोक. निंबाला पत्ताच नव्हता.

गावी असताना त्यानं जुनी पांढरी गोळी बरीच वर्षं घेतली होती. आठवण आली की घ्यायची, एरवी सोडायची. आम्ही त्याला नवं औषध सुरू केलं: महिन्यातून एकदा लाल कॅप्सूल आमच्यासमोर गिळायची आणि बाकीच्या गोळ्या रोज घरी. पण त्यानंतर महिने गेले तरी त्याचे चट्टे म्हणावे तसे विझेनात. डॉक्टरांना शंका आली की याचे जंतू जुन्या गोळीला दाद देत नाहीत. म्हणून प्लेगनंतरच्या उन्हाळ्यात त्याच्या कातडीचा कण बर्फात ठेवून दक्षिणेला पाठवला. तिथे तो उंदरांच्या पायात गेला. उत्तर यायला बरेच महिने लागणार होते.

निंबाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. "म्हंजे मन्हा रोग उंदरास्ले?"

"तुमच्यासाठी त्यांना दिलाय," मी म्हटलं.

"त्या बिचारास्नी काय करेल व्हतं?"

पुढे गणपती आले. प्लेगच्या वर्षी याच दिवसांत सुरत रिकामी झाली होती. तोंडाला फडकी बांधून लोक स्टेशनाकडे पळाले होते, आणि मागे उरलेल्या गल्ल्यांत उंबऱ्याउंबऱ्यावर पिसवा मारायच्या गॅमेक्सीनची पांढरी पावडर होती. तो वास अजून कुणी विसरलं नव्हतं. गोडादऱ्यातल्या खानदेशी मंडळानं प्लेगच्या पुढच्या वर्षी मंडपात आमचं प्रदर्शन लावायला परवानगी दिली, तेव्हा केंद्रात आम्ही पेढे वाटले होते.

आमच्या पोस्टरवर डावीकडे माणूस, उजवीकडे उंदीर, आणि मधे माणसाकडून उंदराकडे जाणारा लाल बाण. खाली मजकूर: माणसाचा जंतू उंदराच्या पायात वाढवतात, म्हणून माणसाला औषध मिळतं. मजकूर माझा. चित्र आमच्या चित्रकाराचं, आणि झकास होतं. पहिल्या दिवशी बायकांनी गणपतीला हळदकुंकू वाहिलं आणि येता येता पोस्टरवरच्या उंदरालाही कुंकू लावलं. देवाचं वाहन ना ते.

शेजारच्या पोस्टरवरच्या आर्माडिलोपुढे मात्र गर्दी थबकली. निंबाच्या चाळीतली म्हातारी, सगळे तिला जिजीमाय म्हणतात, ती चष्मा पुसत म्हणाली, "हाई कसानं जनावर शे वं माय? डुकरावर टोपलं पालथं घालेल दिसस."

लोक हसले. मीही हसले आणि समजावून सांगितलं. मग मागून एका पोरसवदा कारागिरानं विचारलं, "या प्राण्याला हा रोग नुसता प्रयोगात होतो, की आपोआपपण?"

खरं उत्तर असं की अमेरिकेत रानातल्या काही आर्माडिलोंमध्येही तो सापडला आहे. मी खरं तेच सांगितलं. खोटं बोलायला मला कुणी पगार देत नाही.

"हा प्राणी सुरतेत आहे?"

"नाही. अख्ख्या देशात नाही."

तेव्हा जिजीमाय म्हणाली, "हाऊ नही, पन उंदरं तं शेतस ना!"

सगळ्यांनी पोस्टरकडे पाहिलं. आदल्या वर्षी प्लेगची पोस्टरं भिंतीभिंतीवर होती. त्यांच्यावरही उंदीर, माणूस आणि मधे लाल बाण. तिथे बाणाचं टोक माणसाकडे होतं, इथे उंदराकडे. पण टोक कुठल्या बाजूला आहे ते कोण बघतं? या लोकांना बाण वाचायला प्लेगनं शिकवलं होतं, आणि ते त्या शिकवणीप्रमाणेच वाचत होते. मी ओरडून ओरडून सांगितलं की उंदरानं हा रोग होत नाही. संध्याकाळच्या आरतीपर्यंत कुणीतरी पोस्टरवरच्या उंदराचं तोंड खरवडून टाकलं होतं, कुंकवासकट.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ते घडलं. बेबाबाई सकाळी धावत केंद्रात आली. पदर डोक्यावर नाही, पायात चप्पल नाही. "ताई, चला! आते चला! मी सकायले उठनू तं गोधडीवर रगत. उंदरानी बोट खाई टाकं यास्नं!"

मी गेले. निंबा भिंतीला टेकून बसला होता आणि आपल्या पायाकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी असावा. उजव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक नव्हतं. कुरतडलेलं. त्या बोटाला रात्री काहीतरी हळूहळू खात होतं आणि हा माणूस शांत झोपला होता. मी बरेच व्रण पाहिलेत, पण त्या दिवसापासून रात्री चादरीतून पाय बाहेर आला की मी दचकून आत ओढते.

"माले काहीच लागनं नही, ताई," निंबा म्हणाला. माफी मागितल्यासारखा.

मी पट्टी बांधायला घेतली आणि बाहेर आवाज वाढायला लागला. शेजारणीनं रक्ताची गोधडी पाहिली होती. 'उंदीर चावला' आणि 'तो रोग आहे' या दोन गोष्टी गल्लीत एकाच वेळी फुटल्या, आणि मधे आमचा लाल बाण होताच. मी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर कुणीतरी गॅमेक्सीनची जाड रेघ ओढत होतं. आम्ही आत, ते बाहेर. तोच वास. एक जण टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटत होता, प्लेगच्या वेळच्या उरलेल्या. दोन घरांच्या ट्रंका गल्लीत आल्या होत्या. मुलांची तोंडं फडक्यांनी बांधलेली. कुणाच्या हातात काठी होती, ती उंदरासाठी की निंबासाठी, ते त्याचं त्यालाही माहीत नसावं.

चाळीचे मालक मगनभाई पुढे आले. माणूस वाईट नाही, दर वर्षी आमच्या केंद्राला जुने कपडे देतो. "बेन, मने तमारी साथे वांधो नथी. पण गया वरसे मारी आखी चाल खाली थई गई हती. आजे ने आजे रूम खाली करावो."

"कुठे जाईल तो?"

"एना गामे."

गावी! म्हणजे लाल कॅप्सूल बंद, पुन्हा ती जुनी गोळी, ती पण आठवण येईल तेव्हा. म्हणजे आज बोटाचं टोक, उद्या बोट, परवा पाऊल. मला सगळं दिसत होतं. मी दाराला धरून म्हटलं, "उंदीर चावल्यानं याला रोग झालेला नाही. रोग आधीपासून आहे. पाय बधिर आहे म्हणून उंदराला एवढा वेळ खाता आलं. तुम्हाला चावला असता तर तुम्ही झोपून राहिला असतात का?"

"ताई, पोस्टर तुमचंच ना?" मागून कुणीतरी ओरडलं. "उंदराचं चित्र काढलंय कशाला मग?"

मी पुन्हा उंदराच्या पायाचं सांगायला लागले आणि लक्षात आलं की जेवढं सांगेन तेवढं ते घाबरणार. प्रत्येक वाक्यात उंदीर येत होता.

मला वाचवलं ते जिजीमायनं, जिनं आग लावली होती तिनंच. ती निंबाच्या शेजारच्या खोलीत राहते. ती रेघेपाशी आली आणि मगनभाईंकडे न बघता गल्लीला म्हणाली, "माले बी चावना व्हता मागला महिनामा, अंगठाले. मी आशी बोंब ठोकी का तुम्ही समदा उठीसन मन्हा दारशी उनात. उनात का नही?"

कुणीतरी हसलं. "हा, मावशी, आख्खी चाळ जागी केली होतीस."

"मंग माले काबरं नही व्हयना तो रोग? आन् निंबा काबरं नही बोंबलना?" तिनं काठीवाल्याकडे बोट केलं. "हाई पोरगी सांगी राह्यनी ते आयका."

गल्ली लगेच बदलली असं नाही. पण काठी खाली झाली. ट्रंका मात्र गल्लीतच राहिल्या. मगनभाई म्हणाले, विसर्जनापर्यंत बघू.

दुपारी आमच्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या कुंदाताई आल्या. हातात झाकण बांधलेली भाजीची टोपली, आणि टोपली गुरगुरत होती. आमच्या कामात ही जुनी रीत आहे: पाय बधिर असलेल्या माणसाला औषधाबरोबर मांजर द्यायचं. कुंदाताई केंद्रामागे मांजरी पाळतात त्या याचसाठी. त्यांनी फडकं सोडलं, एक करडी मांजरी बाहेर आली आणि थेट मोरीत जाऊन बसली.

"बेबाबाई, हिची ड्यूटी रात्रपाळी," कुंदाताई म्हणाल्या. "दिवसा झोपली तर ओरडायचं नाही. पोटभर दूध घालू नका, नाहीतर ती कामावर जाणार नाही." मग निंबाचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन त्यांनी बोटं मोजली. "साडेनऊ आहेत. आता एकही कमी झालेलं मी ऐकून घेणार नाही."

निंबा त्या दिवशी पहिल्यांदा रडला.

विसर्जन झालं. खोली राहिली. मला वाटलं, जिंकलो. अंगावर कुणी धावून आलं की दिसतं, भांडता येतं. पण पुढचे महिने जे झालं ते फार सभ्य होतं. नळावरचा बेबाबाईचा नंबर कुणीतरी शेवटी ढकलला, मग तिची बादली रांगेतूनच बाहेर काढली. दुकानदार तिच्या हातातून पैसे घेईना, 'ओट्यावर ठेव' म्हणायचा. मिलमध्ये निंबाला मशीनवरून काढून आवारात झाडायला लावलं. प्रत्येक वेळी मी गेले, पत्रकं वाटली, तावातावानं बोलले. सगळे 'हो ताई' म्हणाले. मारहाण झाली असती तर बरं, निदान तक्रार करता आली असती. आणि दर वेळी गल्लीत शिरताना माझ्या मनात एकच धाकधूक, खोलीला कुलूप तर नसेल?

होळीच्या सुमाराला दक्षिणेतून निकाल आला. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं. जुनी पांढरी गोळी घातलेलं खाणं ज्या उंदरांना दिलं, त्यांच्या पायात निंबाचे जंतू वाढले होते. म्हणजे ती गोळी त्याच्या बाबतीत निकामी. लाल कॅप्सूलचं औषध दिलेल्या उंदरांच्या पायात काही वाढलं नव्हतं. "लाल कॅप्सूल चुकता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "ती आहे तोवर पायाला आशा आहे."

मी लुना दामटत गोडादऱ्याला गेले. खोलीला कुलूप नव्हतं. दार सताड उघडं, आत कुणी नाही. चुलीची राख, खिळ्यावर दोरी, कोपऱ्यात मांजरासाठी ठेवलेली ताटली. मी उंबऱ्यावर बसले. त्या उंदरांनी मसुराएवढ्या पायात महिनोन् महिने हा रोग बाळगून, मरून, एका माणसासाठी उत्तर दिलं होतं. आणि तो माणूस आम्ही माणसांनी घालवला होता.

जिजीमाय येऊन शेजारी टेकली. "काल गयात. कोनलेच सांगं नही."

"गोळ्या नेल्या का?"

"ते माले काय मालूम?" तिनं कोपऱ्यातल्या ताटलीकडे बोट केलं. "मांजर मातर लई गयात. टोपलीमा घालीसन. रिक्षामा बठनात तं ती आशी वरडी राह्यनी व्हती, समदी गल्ली दखी राह्यनी व्हती."

मांजर नेलं! माझा जीव थोडा भांड्यात पडला. घर सोडून पळणारी माणसं ओझं कमी करतात, ओरडणारं जनावर बरोबर घेत नाहीत. बेबाबाईला पाय राखायचा होता.

पण ज्याच्यासाठी नेलं त्याला तिकडे पुन्हा नुसती पांढरी गोळी दिली तर? धुळ्याकडच्या सरकारी केंद्रांना मी पत्रं टाकली. उत्तरं नाहीत. मग एसटीडी बूथवर उभी राहून फोन लावत गेले. काही ठिकाणी फोन उचलतच नसत, काही ठिकाणी म्हणत, असे बरेच येतात. पावसाळ्याच्या शेवटी एका केंद्रातल्या कार्यकर्त्यानं निंबाचं नाव ऐकताच फोनवर विचारलं, "करड्या मांजरीवाला का? हा, इथे आहे. बायको नळावर सगळ्यांना मांजरीचं कौतुक सांगते. रोगाचं सांगत नाही."

"लाल कॅप्सूल?"

"दर महिन्याला. माझ्यासमोर गिळतो. गेल्या वेळी रस्ता वाहून गेला होता तरी चालत आला."

बूथमध्ये उकाडा होता, बाहेर लोक खोळंबले होते.

"त्याच्या पायाची बोटं मोजलीत का?" मी विचारलं.

"आत्ताच पट्टी बदलली, थांबा. बाहेरच बसलाय." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं, मग कुणीतरी हसलं. मग पावलं जवळ आली.

"साडेनऊ," तो म्हणाला.